पाडव्याच्या रात्री आकाशातून पडलेले कडे

२०२२ सालच्या गुढीपाडव्याला, २ एप्रिल रोजी, रात्री पावणेआठच्या सुमारास ज्या अग्निरेषा वर्धा, नागपूर, चंद्रपूर अशा साऱ्या मुलखाने माना उंचावून पाहिल्या आणि ज्यांना अनेकांनी उल्कापात मानले, त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याच्या असाव्यात, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे भर गावात कोसळले. आसपासच्या शिवारांत तंतूंनी वेष्टिलेले काळसर गोळेही सापडले. उच्च दाबाचा वायू साठविण्यासाठी मुळातच अतिशय भक्कम घडविलेल्या अशा टाक्या वातावरणात शिरतानाच्या प्रचंड तापातूनही बचावतात. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

अवकाशमोहिमांतील धोका नवा नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावलांसह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे ‘कोलंबिया’ हे अवकाशयान टेक्सासवर विदीर्ण झाले, तेव्हा उड्डाणाच्या वेळी निखळलेल्या उष्णतारोधक फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाला पाडलेले भगदाड त्यास कारणीभूत ठरले. त्या सातांनी धोका जाणून पत्करला होता. लाडबोरीच्या रहिवाशांना मात्र कोणी विचारलेच नव्हते.

अवकाशसंशोधन थांबवावे, असे मी मुळीच म्हणत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये भूपृष्ठावरील नुकसानभरपाईची जबाबदारी प्रक्षेपक राष्ट्रावर आहेच. तथापि काम संपलेला टप्पा निर्जन सागरात उतरविण्यापुरते इंधन राखून ठेवण्याची सक्तीही, उपग्रहाचे वजन थोडे घटवावे लागले तरी, सर्वांवर असावी.