गोफणयंत्र

तरफेच्या लांब भुजेला गोफण बांधून दगड दूर फेकणारे वेढ्याचे यंत्र. यालाच मंजनीक असेही म्हणतात. प्रारंभी माणसे दोर ओढून भुजा फिरवीत. बाराव्या शतकापासून भूमध्य समुद्राच्या परिसरात त्याऐवजी आखूड भुजेला जड वजन टांगले जाऊ लागले. तोफांमुळे हे यंत्र मागे पडले. अमरावती जिल्ह्यातील गाविलगड इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतला (१५ डिसेंबर १८०३), तो तोफांनी तटाला खिंडार पाडूनच.

विद्यार्थी स्पर्धांसाठी याच्या लाकडी प्रतिकृती करतात. भुजांचे प्रमाण साधारणतः १ : ४ आणि वजन गोळ्याच्या सु. १०० पट ठेवतात. खरी मेख मात्र आकड्याच्या कोनात असते. गोफणीचे एक टोक भुजेला पक्के, तर दुसरे आकड्यात नुसते अडकविलेले असते. ते लवकर निसटल्यास गोळा उंच उडतो, प्रसंगी मागेही जातो. उशिरा निसटल्यास पुढ्यात आपटतो. वऱ्हाडात ज्वारीवरची पाखरे उडविणारा राखणदार एक दोरी बोटात अडकवून दुसरी ऐन वेळी सोडतो, ते हेच. अकोल्याकडील शेतात गोफण फिरविलेल्या मुलाला हा कोन निराळा शिकवावा लागत नाही. प्रतिकृती लहान असली, तरी गोळा सोडताना तिच्या मागे किंवा पुढे कोणी उभे राहू नये.