कवटी मोजून वंश कळत नाही

इजिप्तवर व्याख्यान झालं की एक प्रश्न हमखास येतो : "पिरॅमिड बांधणारे गोरे होते की काळे? कवट्या मोजल्या की कळेलच ना?" विचारणारा कधी युरोपच्या बाजूचा असतो, कधी आफ्रिकेच्या. कवटीवरचा विश्वास मात्र दोघांचाही सारखाच अढळ असतो, आणि तोच चुकीचा आहे.

हा विश्वास आला कुठून? फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन यांना कैरोतले अमेरिकी उपवाणिज्यदूत जॉर्ज ग्लिडन यांनी थडग्यांतल्या शंभराहून अधिक कवट्या पाठवल्या. मॉर्टननी त्या वंशांच्या खणांत वाटल्या आणि १८४४ साली निष्कर्ष छापला : इजिप्तचे निर्माते गोरे, कृष्णवर्णीय तिथे नोकर किंवा गुलाम. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायदेशीर होती आणि तिच्या समर्थकांना हे 'शास्त्र' फार उपयोगी पडलं. खण आधी ठरले होते, कवट्या नंतर भरल्या गेल्या.

आता मोजमापाकडे या. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागायचं आणि शंभराने गुणायचं, की कपालनिर्देशांक मिळतो. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांत हा आकडा सारखा येतो आणि एकाच गावात वेगवेगळा. मानववंशशास्त्रज्ञ जॉन रेलेथफोर्ड यांच्या विश्लेषणानुसार जगभरच्या कवट्यांच्या मापांतल्या फरकापैकी जेमतेम १० ते १५ टक्के फरक भूभागाभूभागांमधला असतो. बाकीचा प्रत्येक भूभागाच्या आतच असतो. २००५ साली इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्राचीन न्युबियाच्या कवट्या फोर्डिस्क या, मापांवरून मूळ सांगणाऱ्या संगणक-प्रणालीला दिल्या, तर तिने कुणाला हंगेरीचा ठरवलं, कुणाला जपानचा! नाईलकाठी पुरलेली माणसं ही. अशा पुराव्यावर कुणाचं मूळ कसं ठरवायचं?

कवटीवरून वंश ठरत नाही, हे आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांना फार पूर्वी दिसलं होतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर प्रबंध लिहिला. ही असमानता वंशावर अवलंबून असते, हे गृहीतक मापांत टिकलं नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं.

मग मापं निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही. एका माणसाच्या कपाळावर वंशाचा शिक्का मारायला ती निरुपयोगी आहेत. पण अनेक कवट्यांचे समूह काळानुसार ताडून पाहायला कामाची आहेत. मानववंशशास्त्रज्ञ सोनिया झाक्रझेव्स्की यांनी २००७ साली इजिप्तच्या कवट्यांबाबत नेमकं तेच केलं. शेतीच्या आरंभापासून प्राचीन इजिप्तच्या 'मध्य राज्य' या कालखंडापर्यंत त्यांना प्रामुख्याने सातत्य दिसलं, सोबत थोडी ये-जा. जनुकांचा पुरावाही आता आहे : २०२५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत इजिप्तमधल्या नुवायरातच्या एका माणसाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. हा इ.स.पू. २८५५ ते २५७० या काळातला. त्याचा सुमारे ८० टक्के वारसा उत्तर आफ्रिकेच्या नवाश्मयुगीन लोकांशी जुळतो, २० टक्के मेसोपोटेमियाच्या बाजूशी. एका माणसावरून सगळा देश सांगता येत नाही, पण 'गोरे की काळे' हा प्रश्नच किती तोकडा आहे, ते यातून कळतं.

आणखी काही गैरसमज :

'संस्कृती बाहेरून आलेल्या नव्या वंशाने आणली.' १८९४-९५ मध्ये इजिप्तमधल्या नकादाची थडगी पाहून पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना तसं वाटलं होतं. ती थडगी फेअरोंच्या आधीच्या स्थानिक लोकांचीच निघाली.

'डीएनएने इजिप्शियन आफ्रिकी नसल्याचं सिद्ध केलं.' ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो २०१७चा अभ्यास अबुसिर अल-मेलेक या एकाच ठिकाणचा आणि बऱ्याच उशिराच्या काळाचा आहे. दक्षिण इजिप्तबद्दल तो काही सांगत नाही.

'क्लिओपात्रावरून इजिप्शियन कसे दिसत ते कळतं.' तिचं टॉलेमी घराणं मॅसेडोनियाहून आलेलं होतं.

'केमेत म्हणजे काळ्या लोकांचा देश.' केमेत म्हणजे काळी भूमी : नाईलच्या पुराने आणलेला गाळ, वाळवंटाच्या लाल भूमीहून वेगळा. आपला शेतकरी पिकाऊ जमिनीला 'काळी' म्हणतो, अगदी तसंच.