149 बळी आणि हातून सुटलेले झेल

डिसेंबर 1958. कानपूरचे ग्रीन पार्क. वेस्ट इंडिजच्या पहिल्या डावाचा धावफलक आज वाचला तरी माणूस थबकतो. होल्ट, हंट, सोबर्स, कन्हाय, कॉली स्मिथ, बुचर, सॉलोमन, अलेक्झांडर अशी नावे एकाखाली एक येतात आणि प्रत्येकापुढे बळी घेणाऱ्याचे नाव एकच, गुप्ते. कर्णधार जेरी अलेक्झांडर याने 70 धावा काढून पडझड थोडी थोपवली, तरी पाहुण्यांचा डाव 222 धावांत आटोपला. सुभाष गुप्ते यांनी 102 धावांत 9 बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी त्याआधी कोणत्याही भारतीय गोलंदाजाला मिळाले नव्हते.

दहावा बळी होता लान्स गिब्ज. गुप्त्यांच्या चेंडूवर त्याचा झेल यष्टीमागे नरेन ताम्हाणे यांच्या हातून निसटला, असे त्या पिढीचे क्रिकेटपटू सांगत आले. नंतर वसंत रांजणे यांनी गिब्जचा त्रिफळा उडवला आणि दहापैकी दहाचा योग हुकला. ताम्हाणे त्या काळचे उत्तम यष्टीरक्षक होते, त्यामुळे हा किस्सा त्यांना बोल लावायला सांगितला जात नाही. पण गुप्त्यांची सगळी कारकीर्द वाचायची कशी, याची किल्ली त्यात सापडते. धावफलकावर पडलेला बळी दिसतो, सुटलेला झेल दिसत नाही. आणि लेगस्पिनरचा निम्मा हिशेब त्या न दिसणाऱ्या भागात असतो.

त्या सामन्याचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. भारताचाही पहिला डाव नेमका 222 धावांवरच संपला. वेस हॉलच्या माऱ्यापुढे फलंदाजी टिकली नाही. दुसऱ्या डावात सोबर्सने 198 धावा फटकावल्या आणि भारत 203 धावांनी हरला. नऊ बळींचा पराक्रम पराभवाच्या खात्यात जमा झाला. त्या मालिकेत पाच सामन्यांत भारताला चार कर्णधार लाभले. अशा घरात राहून गुप्त्यांनी मालिकेत 22 बळी मिळवले.

गुप्त्यांचा जन्म मुंबईचा, 11 डिसेंबर 1929 चा. भारतात त्याआधी लेगस्पिनर नव्हते असे नाही. होळकर संघाचे सी. एस. नायडू होते, चंदू सरवटे होते. सदू शिंदे यांनी 1951 साली दिल्लीत इंग्लंडचे 91 धावांत 6 बळी घेतले होते. त्याच मालिकेत, 30 डिसेंबर 1951 ला कलकत्त्यात सुरू झालेल्या कसोटीत गुप्ते भारताकडून पहिल्यांदा खेळले. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यावर मात्र त्यांची निवड झाली नाही. फ्रेड ट्रूमनने ज्या दौऱ्यात भारतीय फलंदाजीची दाणादाण उडवली, तो हा दौरा. त्या जखमा घेऊन विजय हजारे यांचा संघ 1953 च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजला गेला आणि या संघात 23 वर्षांचे गुप्ते होते.

त्या दौऱ्याचे आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, तिघेही ऐन बहरात. एव्हर्टन वीक्सने त्या एका मालिकेत 716 धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला तेव्हा कसोटी सामने मॅटिंगवर होत. तिथल्या पहिल्याच कसोटीत वीक्सने 207 धावांची खेळी केली, तरी 438 च्या त्या डावात गुप्त्यांच्या नावावर 162 धावांत 7 बळी लागले. याच मैदानावरच्या तिसऱ्या कसोटीत त्यांनी 107 धावांत 5 बळी घेतले. शेवटच्या किंग्स्टन कसोटीत तर तीन डब्ल्यूंपैकी प्रत्येकाने शतक ठोकले, वॉरेल 237 पर्यंत पोहोचला आणि डाव 576 वर संपला. त्या डावाचे दहाही बळी दोघांनी वाटून घेतले. पाच विनू मंकड यांचे, पाच गुप्त्यांचे. त्यांच्या पाच बळींची किंमत 180 धावा होती. नुसता आकडा पाहणारा नाक मुरडेल. पण अशा फलंदाजांसमोर, इतका मार खाऊनही चेंडूला उंची देत राहणे आणि बळी काढत राहणे ही हिंमत फार थोड्यांजवळ असते. लेगस्पिनर मार बसल्यावर चेंडू आखूड व सपाट टाकू लागला की त्याचा धंदा बसलाच. गुप्ते तसे वागले नाहीत. मालिकेत 27 आणि संपूर्ण दौऱ्यात 50 बळी घेऊन ते परतले. भारताने पाचपैकी एकच कसोटी गमावली.

एक गोष्ट इथे नोंदवलीच पाहिजे. 1953 च्या त्या संघाचे क्षेत्ररक्षण फार चांगले होते. पॉली उमरीगर, चंदू गडकरी, दत्ताजीराव गायकवाड यांच्या चपळाईवर कॅरिबियन प्रेक्षक खूश होते. गोलंदाज आणि क्षेत्ररक्षक यांचा मेळ जमला की काय होते, ते त्या 27 बळींत दिसते. याउलट 1959 च्या इंग्लंड दौऱ्यात भारत पाचही कसोट्या हरला. गुप्त्यांनी दौऱ्यात एकूण 95 बळी घेतले, पण कसोट्यांत फक्त 17. जवळचे झेल पकडणारे हात त्या उन्हाळ्यात वारंवार कमी पडले. तरीही दौऱ्याच्या बेरजेत त्यांच्या पुढे दुसरा भारतीय गोलंदाज नव्हता.

त्यांच्या गोलंदाजीत होते तरी काय? मनगटातून सुटणारा लेगब्रेक हा पाया. तिसऱ्या बोटाने ढकललेला चेंडू हवेत वर जातो, फलंदाजाला वाटते त्यापेक्षा अलीकडे उतरतो आणि उजव्या फलंदाजाच्या पायाकडून ऑफकडे वळतो. गुगली टाकताना मनगट आणखी आत वळते, चेंडू हाताच्या मागच्या बाजूने सुटतो आणि उलट दिशेने, आत येतो. इंग्लंडच्या बोझांकेटने हे अस्त्र विसाव्या शतकाच्या तोंडावर शोधले, तेव्हापासून ते जपून वापरावे असा रिवाज पडला. गुप्त्यांजवळ दोन प्रकारच्या गुगली होत्या. एक वाचता आली म्हणून फलंदाज निश्चिंत झाला, की दुसरी त्याला फसवायला तयार. खुद्द सोबर्सने पुढे आयुष्यभर, शेन वॉर्नचा काळ पाहिल्यावरही, आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणून गुप्त्यांचेच नाव घेतले. कानपूरला 198 धावा करणाऱ्या माणसाचे हे मत आहे. एरवी मी अशा प्रशस्तिपत्रांना फार किंमत देत नाही, पण या मताचे वजन मला खरे वाटते.

1954-55 च्या मोसमात पाकिस्तानातल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. दोन्ही संघ हरायला घाबरत होते. त्या कंटाळवाण्या मालिकेतही गुप्त्यांनी 21 बळी मिळवले. ढाक्याच्या कसोटीत एका डावात 18 धावांत 5. त्याच मोसमात, मुंबईत पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध खेळताना त्यांनी 78 धावांत सगळेच्या सगळे दहा बळी घेतले. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या एका डावात दहा बळी घेणारे ते पहिले भारतीय. कसोटीत हुकलेला योग असा चार वर्षे आधी साधून झाला होता.

पुढच्या मोसमात न्यूझीलंडचा संघ भारतात आला आणि गुप्त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत भरघोस पीक निघाले. हैदराबादला 128 धावांत 7. मुंबईला मंकड यांनी 223 धावा केल्या त्या कसोटीच्या दुसऱ्या डावात 45 धावांत 5. मंकड-पंकज रॉय जोडीने 413 धावांची सलामी दिली, ती मद्रासची कसोटी सर्वांना आठवते; पण ती जिंकून देणारे 72 धावांत 5 आणि 73 धावांत 4 हे गुप्त्यांचे आकडे फार थोड्यांच्या ओठांवर असतात. मालिकेत 34 बळी, सरासरी 19.67. मंकड यांनी 1951-52 मध्ये इंग्लंडविरुद्ध तितकेच घेतले होते. हा आकडा ओलांडायला 1972-73 उजाडावे लागले, तेव्हा चंद्रशेखरने इंग्लंडविरुद्ध 35 बळी घेतले.

चंद्रशेखरचे नाव आलेच आहे तर दोघांची सरासरी शेजारी ठेवून पाहू. गुप्ते: 36 कसोट्या, 149 बळी, सरासरी 29.55. चंद्रशेखर: 58 कसोट्या, 242 बळी, सरासरी 29.74. दर कसोटीमागे दोघांचेही चाराहून किंचित जास्त बळी. पण चंद्रशेखरच्या फॉरवर्ड शॉर्टलेगला एकनाथ सोलकर उभा असे, ज्याने 27 कसोट्यांत 53 झेल पकडले. स्लिपमध्ये वाडेकर, दुसऱ्या टोकाला बेदी किंवा प्रसन्ना. गुप्त्यांना यातले काय मिळाले? मंकड आणि गुलाम अहमद ही फिरकीची साथ काही काळ मिळाली, हे खरे. जवळच्या झेलांची अशी फळी मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही.

ऑस्ट्रेलियाचा रिची बेनॉ त्यांच्यानंतर महिन्याभरातच कसोटीत आला. त्याचे 63 कसोट्यांत 248 बळी, सरासरी 27.03. दर कसोटीमागे बळी काढले तर गुप्ते बेनॉच्या थोडे पुढेच राहतात. बेनॉच्या बाजूने नवा चेंडू घेऊन लिंडवॉल आणि डेव्हिडसन धावत येत. भारताकडे पन्नाशीच्या दशकात तसा वेगवान गोलंदाज नव्हता. चेंडूची लकाकी जाईपर्यंत चार षटके ढकलायची आणि मग गुप्त्यांच्या हाती तो द्यायचा, हीच रीत होती.

शेवट क्रिकेटच्या मैदानावर झाला नाही. 1961-62 मध्ये इंग्लंडचा संघ आला. कानपूरला गुप्त्यांनी 90 धावांत 5 बळी घेतले आणि इंग्लंडवर भारताविरुद्ध प्रथमच फॉलोऑनची वेळ आली. त्यानंतरच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलातल्या एका स्वागतिकेने तक्रार केली, की भारतीय खेळाडूंच्या एका खोलीतून फोन करून आपल्याला मद्यपानाचे आमंत्रण दिले गेले. ती खोली गुप्ते आणि कृपालसिंग या दोघांची होती. फोन गुप्त्यांनी केलेला नव्हता. तरी बोर्डाने दोघांनाही संघाबाहेर ठेवले. सोबत्याला अडवले का नाही, हा गुप्त्यांवरचा ठपका. खोलीत दुसरा माणूस आहे एवढ्यावरून 32 वर्षांच्या, अजून भरात असलेल्या गोलंदाजाची कारकीर्द संपवणे हा अन्याय होता, आणि साठ वर्षांनंतरही तो तसाच म्हणावा लागतो. दिल्लीची ती कसोटी त्यांची शेवटची ठरली.

काही आठवड्यांतच भारतीय संघ वेस्ट इंडिज दौऱ्यावर निघाला. ज्या बेटांवर गुप्त्यांनी नऊ वर्षांपूर्वी 50 बळी घेतले होते, तिथे भारत त्यांच्याविना पाचही कसोट्या हरला.

पहिल्या दौऱ्यातच त्यांना त्रिनिदादची एक तरुणी भेटली होती. पुढे तिच्याशी लग्न करून त्यांनी तिकडेच संसार थाटला. त्या बेटावरच्या विल्फ फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून त्यांना 'फर्गी' हे टोपणनाव पडले होते. मुंबईत त्यांचा धाकटा भाऊ बाळू गुप्ते लेगस्पिन टाकत राहिला आणि 3 कसोट्या खेळला. जानेवारी 1964 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर भागवत चंद्रशेखर नावाचा 18 वर्षांचा पोरगा आपली पहिली कसोटी खेळला. त्या मोसमात सुभाष गुप्ते 34 वर्षांचे होते आणि त्रिनिदादच्या संघातून प्रथम श्रेणीचे आपले शेवटचे चेंडू टाकत होते.