वाळवंटात घर? आधी पाण्याची बॅलन्सशीट मांडा!

ईएमआय, ट्रॅफिक आणि अप्रेझल या तिघांनी एकाच आठवड्यात गाठलं, की शहरी माणसाला शेती सुचते. कुणाला कोकण, कुणाला मुळशी. आमच्या टीममधल्या चौघांना सुचलं थेट जैसलमेर! पुण्याच्या मानाने जमीन मातीमोल, ऊन रग्गड म्हणजे वीज फुकट, आणि सोसायटीची मीटिंग नाही. स्वतःचं धान्य, स्वतःचं पाणी, स्वतःची वीज. प्रत्येकी पाच लाख बाजूला काढले. एकाने तर राजीनाम्याचा मेलही लिहून ठेवला. इसार देण्याआधी जागा पारखायचं काम माझ्याकडे आलं. मी मुद्दाम मे महिन्यात गेले. डिसेंबरातलं वाळवंट टुरिस्टांसाठी असतं, राहणाऱ्यांसाठी नाही.

छताचं गणित

जैसलमेर भागात वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्याच आसपास. गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छतावर कागदोपत्री २०,००० लिटर. गळती, उडून जाणारं, पहिल्या पावसाचं धुवण वजा केलं की धरा १५,०००. आता खर्च. चार माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज १० लिटर. वर्षाला १४,६०० लिटर. संपलं! आंघोळ, कपडे आणि भाजीचा वाफा यांच्या नावावर शिल्लक शून्य.

त्यात 'सरासरी' हा शब्द इथे भलताच फसवा. एखाद्या वर्षी निम्माही पाऊस होत नाही. म्हणून इथली माणसं घराच्या आधी टांक्याचा विचार करतात. टांका म्हणजे जमिनीखालची झाकलेली टाकी आणि तिच्याभोवती उतार देऊन चोपून काढलेलं अंगण, त्याला म्हणतात आगोर. छत आणि आगोर मिळून एका पावसात दोन वर्षांचं पिण्याचं पाणी साठवतील, अशी सोय असेल तर पुढे बोलायचं.

मी उतरले त्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, घरातल्या माँसांनी मला खाटेवर बसून आंघोळ करायला लावली. खाली परात. परातीतलं पाणी शेळ्यांचा गोठा धुवायला. आपण याला रिसायकलिंग म्हणतो, त्या काहीच म्हणत नाहीत.

'बोअर मारू की!'

हा अस्सल पुणेरी उपाय. पण पश्चिम राजस्थानात भूजल बऱ्याच ठिकाणी खारं, आणि त्यात फ्लोराइड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं की दात आणि हाडं बिघडतात. तेव्हा शेजारच्या बोअरचं पाणी लॅबमधून तपासून आणल्याशिवाय सौद्याला बसूच नका.

ताटात काय?

बाजरी, गवार आणि मटकी. हो, आपल्या मिसळीतली मटकी! देशात ती सर्वात जास्त पिकते राजस्थानातच. ही पिकं थोड्या पावसावर तग धरतात. गहू-हरभराही होतो, पण खडीनमध्ये. खडकाळ उतारावरून येणारं पाणी मातीचा लांब बांध घालून अडवायचं, जमिनीत जिरवायचं आणि त्या ओलीवर रब्बी घ्यायची. पालीवालांनी शतकांपूर्वी बसवलेली ही पद्धत आजही चालते. मात्र शेताहून कितीतरी पट मोठा उतार त्यासाठी लागतो. तो उतार एकट्याच्या मालकीचा नसतो, गावाचा असतो.

चाऱ्याचंही तेच. शेळ्या चरतात ओरणात, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात. आपल्या देवराईची वाळवंटातली बहीण! आणि दुष्काळ पडला की कळप घेऊन माणसं शेकडो किलोमीटर लांब जातात, पुढच्या पावसाला परततात. थोडक्यात, इथे स्वयंपूर्ण असतं ते गाव. एकटं घर कधीच नव्हतं.

ऊन, पूर आणि कागद

पास झाली फक्त वीज. एक किलोवॉटचं सोलर पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. धूळ मात्र सतत पुसावी लागते. उन्हाचा दुसरा चेहराही बघून घ्या. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं.

आणि वाळवंटात पूरही येतो! ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव बुडालं. जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना, कित्येक आठवडे तसंच साचून राहिलं. सखल जागा स्वस्त का मिळतेय, हे एजंटला नाही, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

शेवटी कागद. आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथे जमाबंदी. ओरण आणि गायरान विकत मिळतच नाही, कुणी दाखवलं तर पळा. राजस्थान कुळकायदा, १९५५ च्या कलम ४२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदाराची शेतजमीन इतरांना विकता येत नाही. स्वस्त प्लॉटमागे कधीकधी हीच गोम असते.

मग जायचं की नाही?

आम्हाला दाखवलेला प्लॉट गावापासून नऊ किलोमीटर, सखल, आणि जवळच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. मी 'नाही' सांगितलं. राजीनामा लिहून ठेवलेला मित्र पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्यासाठी हा वीकेंड प्लॅन नव्हता, नोकरीतून सुटायचा रस्ता होता, हे मलाही कळत होतं. आता तो वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन एका गावात भाड्याने राहणार आहे. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक बाजरीचं पीक. आमचे पैसे तोवर एफडीत.

तुमच्याही मनात असं काही शिजत असेल, तर जमिनीचा रेट नंतर विचारा. आधी विचारा, गेल्या दुष्काळात या गावाने पाणी कुठून आणलं, आणि पुढच्या दुष्काळात त्या रांगेत आपल्याला उभं राहू देतील का?