नाचामागचे दृश्य

गाण्याच्या चित्रफितीत प्रतीके कशी बोलतात, हे मी 'धिस इज अमेरिका' (२०१८) या एकाच उदाहरणावरून सांगतो. डोनाल्ड ग्लोव्हर हा कृष्णवर्णीय कलावंत गोदामात नाचता नाचता गोळी झाडतो. त्या वेळचा त्याचा वाकडा पवित्रा काळ्यांची टवाळी करणाऱ्या जुन्या 'जिम क्रो' सोंगाची आठवण देतो. पिस्तूल लाल कापडात अलगद ठेवले जाते. प्रेत मात्र फरफटत नेतात. पुढे गायकवृंद गोळ्यांना बळी पडतो, आणि २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये मारले गेलेले नऊ कृष्णवर्णीय आठवतात. मागे दंगल उसळलेली असते. आपली नजर नाचावरच खिळते. दिग्दर्शक हिरो मुराई येथे प्रेक्षकालाच आरोपी करतो, असे मला वाटते. शेवटी तोच नर्तक अंधारात जीव घेऊन पळतो. कलेला दाद मिळते, पण कातडीचा रंग पाठ सोडत नाही.