भर पावसाळ्यात चक्रीवादळं का नसतात?

जुलैत अरबी समुद्र खवळलेला असतो, कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तरी चक्रीवादळं तेव्हा क्वचितच होतात. अलिबागजवळ धडकलेलं ‘निसर्ग’ ३ जून २०२० चं, ‘तौक्ते’ मे २०२१ मधलं; म्हणजे दोन्ही पावसाळा भरात येण्याआधीच्या पहिल्या हंगामातली. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम पाणी लागतं आणि सरळ उभा राहणारा ढगांचा खांबही. पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचे जोरदार वारे, तर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा वेगवान झोत. या उलट्या ओढीत खांबाचा माथा बुडापासून तुटतो. शिवाय सोमालियाजवळ वारा खोलातलं गार पाणी वर आणतो. मला विलक्षण वाटतं ते हे, की पाऊस आणणारा वाराच वादळाला आवरतो. मान्सून परतला, की तो झोत ओसरतो, पाणी पुन्हा तापतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांचा दुसरा हंगाम सुरू होतो.