‘फक्त’ कुठं लिहायचं?

परवा पांढरकवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. नवी कोषाध्यक्ष झालेली सून चेक लिहीत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, “काकू, रक्कम लिहिल्यावर पुढं ‘ओन्ली’ कायले लिहायचं? रक्कम तर समजतेच ना!”

प्रश्न साधाच, पण मला जुनी गोष्ट आठवली. आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी कर्ज घेतलं होतं. पावतीवर अक्षरी ‘दोन हजार’ लिहिलं आणि पुढची जागा कोरीच राहिली. नंतर कुणीतरी तिथं ‘पाचशे’ घातलं, आकड्यातल्या एका शून्याचा पाच केला. खाली अंगठा मावशींचा! निंदणाच्या मजुरीतून बिचारीनं ते पाचशे फेडले. ‘फक्त’ लिहिलं असतं, तर पुढं शब्द घुसवायला जागाच उरली नसती.

हा ‘फक्त’ मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आला. काही पावत्यांवर त्याच जागी ‘मात्र’ असतं, ते संस्कृतातलं. आणि ‘ओन्ली’? जुन्या इंग्रजीत तो ‘आन्‌लिक’ असा होता. ‘आन्’ म्हणजे एक, ‘लिक’ म्हणजे सारखा. एकमेव, ज्याला जोड नाही असा! एकुलत्या लेकराला ‘ओन्ली चाइल्ड’ म्हणतात, त्यात तोच जुना अर्थ आहे. पुढं त्याला ‘एवढंच, जास्त नाही’ हाही अर्थ आला.

मैत्रिणींनो, या शब्दाची जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘फक्त सरूनं सही केली’ म्हणजे बाकीच्यांनी केली नाही. ‘सरूनं फक्त सही केली’ म्हणजे कागद वाचलाच नाही! इंग्रजीतही ‘ओन्ली’चं असंच आहे. आपली मुलं ‘टुडे ओन्ली’ म्हणतात ना, तेव्हा त्यांच्या तोंडून आपला ‘च’ बोलत असतो: आजच.

पण एका जागी हा शब्द मला फार खुपतो. कर्जाच्या अर्जात व्यवसायाचा रकाना येतो. मी विचारते, “काय करता बाई?” उत्तर ठरलेलं, “काई नाई ताई, फक्त घरीच रायते.” पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, गुरं, शेत, म्हाताऱ्यांची औषधं करणारी बाई हे म्हणते! दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? बी.ए. झालेली मीसुद्धा कित्येक वर्षं ‘फक्त गृहिणी’ असंच सांगत होते.

त्या सुनेला मी दोन गोष्टी सांगितल्या. रकमेच्या पुढं ‘फक्त’ लिहायला विसरू नको. आणि स्वतःच्या आधी तो कधीच लावू नको.

तिनं चेकवर ‘ओन्ली’ लिहिलं, पुढं आडवी रेघ ओढली आणि सहीसाठी चेक माझ्याकडं सरकवला. मी आधी नीट वाचला, मगच सही केली.